वेळ चुकलेले बरोबर उत्तर

‘बैल गेला नि झोपा केला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आता जरा विचार करून पाहा. झोपा करण्यात चूक ती काय? गोठ्याला दार हवेच. कदाचित ते दार मजबूत झाले असेल, सुताराचे कामही चोख असेल. चूक एवढीच की ते बैल गेल्यावर झाले. ‘वरातीमागून घोडं’ ही म्हणही तेच सांगते. घोडे जातिवंत असेल, सजवलेले असेल, पण वरात निघून गेल्यावर त्याचा उपयोग काय? काम बरोबर होणे आणि काम वेळेवर होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते.

आज ज्या विषयाची ओळख करून घ्यायची, त्याचे सार या दोन म्हणींत आहे. संगणकाला काय करायचे ते सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. पुष्कळशा आज्ञावल्यांचे काम उत्तर बरोबर आले की संपते. शाळेचा निकाल तयार करणारा संगणक दोन सेकंद जास्त थांबला, तर कोणाचे काही बिघडत नाही. पण काही आज्ञावल्या घड्याळाला बांधलेल्या असतात. त्यांना ‘रिअल टाइम’ आज्ञावल्या असे नाव आहे. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले तरच ते उत्तर. मुदत टळली की बरोबर उत्तरही चुकीचेच समजायचे. अशा आज्ञावलीचा वेळेवरपणा तपासायचा कसा, हा आजचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, हे शहरातले शास्त्र झाले, आम्हांला खेड्यात त्याचे काय? तर कडेगाव तालुक्याचेच उदाहरण घेऊ. हा भाग मूळचा अवर्षणाचा. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढवून या बाजूला आणले. विहिरींवर मोटारी तर आहेतच, आणि आता त्यांतल्या कित्येक मोटारींच्या पेटीत मोबाइल स्टार्टर बसला आहे. घरून फोन केला की मोटार चालू, पुन्हा केला की बंद. त्या लहानशा पेटीत एक बोटाच्या पेराएवढा संगणक असतो. तीन फेजपैकी एक गेली तर मोटार थांबवणे, विहिरीचे पाणी संपले तर मोटार थांबवणे, आणि काय झाले ते मालकाला कळवणे ही त्याची कामे.

रस्त्यावरच्या मोटारसायकलीकडे पाहा. १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचा आहे. ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ लागले, तर तेथला संगणक ब्रेक क्षणभर सैल करतो आणि पुन्हा आवळतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १५ मीटर जाते. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात दीड मीटर. संगणकाने दशांश सेकंद उशीर केला, तर रस्त्यावर आलेले मूल आणि चाक यांच्यामधले दीड मीटर अंतर संपलेले असते. हा विषय घरापर्यंत आला आहे तो असा.

वेगवान म्हणजे वेळेवर नव्हे

या विषयात सर्वसाधारणपणे होणारा गैरसमज आधी दूर करू. पुष्कळांना वाटते, संगणक भराभर काम करतो, मग उशीर कसला? समजा, कडेगावहून विट्याला जाणाऱ्या दोन गाड्या आहेत. पहिली रोज न चुकता चाळीस मिनिटांत पोचते. दुसरी बहुतेक दिवशी पंचवीस मिनिटांत पोचते, पण महिन्यातून एखाद्या दिवशी तिला दीड तास लागतो. सरासरी काढली तर दुसरी गाडी सरस. पण मुलाची दहावीची परीक्षा असेल तर आपण त्याला कोणत्या गाडीत बसवू? पहिल्या, हो की नाही? त्या दिवशी सरासरी कामाची नसते. सर्वांत वाईट दिवशी किती वेळ लागेल, एवढेच आपण पाहतो.

घड्याळाला बांधलेल्या आज्ञावलीची परीक्षा याच एका प्रश्नावर उभी आहे. ‘साधारणपणे किती वेळ लागतो?’ असे विचारायचे नाही. ‘जास्तीत जास्त किती लागू शकतो?’ असे विचारायचे.

पेटीच्या आत काय चालते?

आता आपल्या स्टार्टरची पेटी उघडून पाहू. आकडे मी समजण्यापुरते घेतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. आपल्या विजेचे एका सेकंदात ५० फेरे होतात, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा. तेव्हा समजा, दर २० मिलिसेकंदांनी तिन्ही फेज तपासायच्या आणि त्याला ५ मिलिसेकंद लागतात. दर १०० मिलिसेकंदांनी पेटीवरचे आकडे बदलायचे, त्याला ३० लागतात. आणि सेकंदातून एकदा फोनचे निरोप पाहायचे, त्याला २०० लागतात.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे गणित फळ्यावर मांडावे. पहिल्या कामात संगणकाचा २५ टक्के वेळ जातो, दुसऱ्यात ३० टक्के आणि तिसऱ्यात २० टक्के. एकूण ७५. शंभरातला चौथा हिस्सा संगणक रिकामाच बसतो. मग काळजी कशाला? पण थांबा. हातातले काम पुरे केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, अशी रीत असेल, तर फोनचे काम चालू असलेल्या २०० मिलिसेकंदांत विजेचे दहा फेरे कोणी न पाहताच निघून जातील. रिकामा वेळ पुष्कळ होता, पण हवा तेव्हा नव्हता.

एवढ्याने मोटार जळत नाही, हे खरे. पण खरी अडचण पुढे आहे. फोनचे काम २०० मिलिसेकंदांत होते ते रेंज चांगली असताना. कारखान्याच्या टेबलावर पेटी तपासली तेव्हा रेंज भरपूर होती. तीच पेटी डोंगराच्या कुशीतल्या विहिरीवर बसवली, तिथे रेंज येते आणि जाते. निरोप जाईपर्यंत पेटी वाट पाहत बसली, तर तीस सेकंद जातील, कदाचित मिनिटही जाईल. नेमकी त्या वेळी एक फेज गेली तर? दोन फेजवर मोटार घुमत राहील, तापेल आणि वाइंडिंग जळेल. उभे पीक पाण्याविना आणि मोटार दुरुस्तीला.

आणि ‘नेमकी त्या वेळी’ हा दुर्मीळ योगायोग असेल असे समजू नका, बरं का. वळवाचा पाऊस आणि वारा सुटला की तार तुटून फेज जाते. त्याच वाऱ्यापावसात मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. दोन्ही संकटांचे कारण एकच, म्हणून ती हातात हात घालून येतात. ज्या परीक्षकाने फेज वेगळी तपासली आणि फोन वेगळा तपासला, त्याने दोन्ही गोष्टी तपासल्या, पण वादळ तपासले नाही.

यावर उपाय काय? जे काम वारंवार यायचे, त्याला पहिला मान. १९७३ साली लिऊ आणि लेलँड या दोन शास्त्रज्ञांनी हा नियम गणिताने मांडून दाखवला. फेज तपासण्याची वेळ झाली की हातातले काम तिथेच ठेवायचे, तपासणी करायची आणि मग पुन्हा ठेवलेले काम उचलायचे. आता हिशेब पाहा. प्रत्येक १०० मिलिसेकंदांत फेजचे २५ आणि आकड्यांचे ३० गेले, फोनसाठी ४५ उरले. चार शतकांत १८० झाले, राहिलेले २० पाचव्या शतकात. तिन्ही कामे एकदम आली, ही सर्वांत वाईट वेळ धरली, तरी फोनचे काम ४७० व्या मिलिसेकंदाला पुरे होते, आणि मुदत तर १००० ची आहे. फेजची तपासणी मात्र एकदाही हुकत नाही. संगणक तोच, कामे तीच. फक्त कोणाला कोणासाठी उठायचे, हे ठरवून दिले.

गर्दीची परीक्षा

कडेगावचा मोहरम तुम्ही पाहिला असेल. उंचच उंच ताबूत खांद्यांवरून निघतात, हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यात मनापासून सामील होतात. एवढा डोलारा उचलताना प्रत्येकाच्या अंगात ताकद असून भागत नाही. सगळ्यांचे खांदे एका क्षणी वर जावे लागतात. एक बाजू अर्धा क्षण मागे राहिली, तर ताबूत कलतो. एकेका माणसाला वेगळे उभे करून त्याची ताकद तपासली, तरी ही गोष्ट कळणार नाही. ती सगळे एकत्र आल्यावरच कळते.

याची उलट बाजूही आपल्या शिवारात आहे. कित्येकांनी मोटारीला ऑटोस्विच लावलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. एकेक ऑटोस्विच तपासला, तर अगदी बिनचूक. पण एका डीपीवरच्या वीस मोटारी लाईट आल्याबरोबर एकाच क्षणी उठल्या, तर काय होईल? थेट सुरू होणारी मोटार सुरुवातीला नेहमीच्या पाच-सहा पट विजेचा प्रवाह ओढते. डीपीवर एकदम भार येतो, फ्यूज उडतो, प्रसंगी डीपीच जळते. म्हणूनच ऑटोस्विच न वापरण्याचे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना करीत आलेली आहे. एकट्याचे वेळेवर, पण सगळ्यांचे एकाच वेळेवर, हाही वेळेचाच दोष आहे.

ज्यांच्याजवळ पैसा, तज्ज्ञ आणि वेळ या तिन्ही गोष्टी होत्या, त्यांनाही असल्या दोषांनी चकवले आहे. १० एप्रिल १९८१ रोजी अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे स्पेस शटल प्रथमच अंतराळात उडायचे होते. त्यात चार मुख्य संगणक आणि एक राखीव संगणक होता. उड्डाणाला थोडी मिनिटे उरली असता राखीव संगणकाचा मुख्य संगणकांशी ताल जुळेना. उड्डाण थांबले. शोध घेतल्यावर कळले, की मुख्य संगणक प्रथम सुरू करताना ६७ खेपांपैकी एखाद्या खेपेला वेळेचा किंचित फरक पडू शकत होता, आणि नेमकी तीच खेप त्या दिवशी आली. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सर्व ठीक झाले, आणि १२ एप्रिलला यान उडाले. विचार करा, दहा वेळा तपासून ‘दहाही वेळा बरोबर’ असा शेरा दिला असता, तरी हा दोष बहुधा सापडला नसता.

किल्लीची गोष्ट

दुसरी गोष्ट मंगळावरची. ४ जुलै १९९७ रोजी ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले. हवामानाची माहिती गोळा करू लागल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. महत्त्वाचे काम मुदतीत पुरे झालेले नाही असे दिसताच त्याने तसे करावे, अशी व्यवस्थाच होती. पण काम अडत होते कशाने?

आपल्या भाषेत सांगायचे तर असे. मोटारीच्या खोलीची किल्ली एकच आहे. धाकटा मुलगा किल्ली घेऊन आत गेला. तेवढ्यात घरच्या कर्त्या माणसाला तातडीने आत जायचे आहे, पण किल्ली धाकट्याकडे, म्हणून तो दाराशी थांबला. इतक्यात मधला भाऊ आला आणि त्याने धाकट्याला आपल्या कामाला जुंपले. मधल्याचा मान धाकट्यापेक्षा मोठा, म्हणून धाकटा गेला. किल्ली त्याच्याच खिशात. आता कर्ता माणूस कोणासाठी थांबला आहे? दिसायला धाकट्यासाठी, पण खरे म्हणजे मधल्यासाठी. तिघांपैकी कोणीही चुकीचे वागलेला नाही, तरी घर अडले.

त्यावरचा उपायही साधा आहे. कर्ता माणूस दाराशी थांबला आहे तोपर्यंत धाकट्याला कर्त्याचाच मान द्यायचा, म्हणजे मधला त्याला हलवू शकणार नाही. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत यानाची हुबेहूब प्रतिकृती होती. तिच्यावर अभियंत्यांनी तो दोष पुन्हा घडवून आणला, उपाय तपासून पाहिला आणि दुरुस्ती थेट मंगळावर पाठवली. यात परीक्षकांना घेण्यासारखा धडा वेगळाच आहे. यान उतरण्यापूर्वीच्या चाचण्यांतही हा दोष दिसला होता, पण शोधायला गेल्यावर तो पुन्हा घडवून आणता आला नव्हता. वेळेचे दोष असेच असतात. ते चोरासारखे येतात आणि दिवा लावला की पळतात. एकदाच दिसला म्हणून तो नाहीच, असे मानू नये.

लांबवरची परीक्षा

तिसरी गोष्ट दुःखाची आहे. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरान येथे अमेरिकेच्या सैनिकांच्या निवासावर इराकी क्षेपणास्त्र आदळले आणि २८ सैनिक ठार झाले. ते अडवण्यासाठी ‘पेट्रियट’ ही यंत्रणा तिथे होती, पण तिने ते अडवले नाही. तिचे घड्याळ दशांश सेकंदांत मोजत असे. जशी एक तृतीयांश ही संख्या दशांशात ०.३३३ अशी कितीही लिहिली तरी पुरी होत नाही, तशी एक दशांश ही संख्या संगणकाच्या दोन अंकी पद्धतीत पुरी लिहिता येत नाही. प्रत्येक ठोक्याला अगदी नगण्य तूट पडत होती. यंत्रणा १०० तास सतत चालू राहिल्यावर ती तूट सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्यात ते क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. यंत्रणा आकाशात भलत्याच जागी शोधत राहिली. दोष आधीच लक्षात आला होता, दुरुस्त आज्ञावलीही तयार झाली होती. ती धहरानला पोचली २६ फेब्रुवारीला. बैल गेला नि झोपा केला.

म्हणून जी यंत्रणा महिनोन्‌महिने चालायची, तिची परीक्षा तासाभरात आटोपता येत नाही. ती सतत चालू ठेवून पाहावी लागते.

मोजणाराही वेळ खातो

हे सगळे मोजायचे कसे, असे तुम्ही विचाराल. सोपा मार्ग सुचतो तो हा, की संगणकालाच सांगावे, ‘काम केव्हा सुरू केलेस, केव्हा संपवलेस, ते लिहून ठेव.’ पण लिहिण्यातही वेळ जातो. त्यामुळे कामांच्या वेळा थोड्या सरकतात, आणि शोधायला गेलेला दोष कधीकधी त्यामुळेच नाहीसा होतो. लिहिणे बंद केले की पुन्हा हजर! म्हणून परीक्षक संगणकाच्या एका तारेवर फक्त एक खूण द्यायला लावतात. काम सुरू झाले की वीज वर, संपले की खाली. बाहेरचे वेगळे यंत्र त्या खुणेची वेळ मोजते.

मोटार-उद्योगात याच्याही पुढे जातात. ब्रेकची खरी पेटी टेबलावर ठेवून तिला खोट्या चाकांचे खोटे संदेश देतात. ओला रस्ता, खड्डा, तुटलेली तार असे सगळे प्रसंग कोणाचा जीव धोक्यात न घालता पुन्हा पुन्हा घडवता येतात. त्यानंतर खऱ्या गाडीची खऱ्या रस्त्यावर परीक्षा होते. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही संस्था वाहनांच्या अशा परीक्षांसाठी प्रसिद्ध आहे.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परीक्षेत दिसलेला सर्वांत मोठा उशीर हा खरोखरचा सर्वांत मोठा असेलच, असे नाही. म्हणून नुसत्या मोजणीवर भागत नाही. आपण फळ्यावर मांडला तसा हिशेबही करावा लागतो. हिशेबाने मर्यादा सांगावी आणि मोजणीने हिशेब पडताळावा.

आपण काय करावे?

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. एका मुलाला पाटीवर सतराचा पाढा लिहायला सांगा. तुम्ही मधूनमधून टेबलावर टिचकी मारा. प्रत्येक टिचकीला त्याने पुढचा अंक मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या मुलाने त्याला अधूनमधून प्रश्न विचारायचे. प्रथम ‘हातातले काम संपव, मग उत्तर दे’ असा नियम ठेवा. मग ‘टिचकी ऐकली की सगळे सोडून आधी अंक म्हण’ असा नियम करा. दोन्ही वेळा वीसवीस टिचक्या मारा. तिसऱ्या मुलाने घड्याळ पाहून प्रत्येक उत्तराचा उशीर लिहावा. सरासरी काढू नका. सर्वांत उशिराची खेप फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, ही टिचकी म्हणजे गाडीचा ब्रेक असता तर?

आणि शेतकरी बंधूंनो, स्टार्टर घेताना तो किती फोनवर चालतो, दिवे किती लागतात, एवढेच विचारून परत येऊ नका. फेज गेल्यावर किती सेकंदांत मोटार थांबते? रेंज नसताना तेवढ्याच सेकंदांत थांबते का? लाईट आल्यावर मोटार सुरू होण्याआधी थांबण्याचा वेळ ठरवता येतो का? शेजाऱ्यांनी तो निरनिराळा ठेवला, तर डीपीवर एकदम भार येणार नाही. हे विक्रेत्याला किंवा जाणत्या वायरमनला करून दाखवायला सांगा, आणि एकदा नव्हे, चार वेळा. स्वतः मात्र पेटीत हात घालू नका.

दुकानात, भरपूर रेंजमध्ये, एकट्या पेटीने दिलेले बरोबर उत्तर ही निम्मी परीक्षा झाली. उरलेली निम्मी विहिरीवर, वळवाच्या पावसात, सगळी कामे एकदम अंगावर आल्यावर होते. ती आधीच घेऊन ठेवली, तर झोपा वेळेवर होईल आणि बैल गोठ्यातच राहील.